इतरांनी योग्य साथ दिली

"म्हंजे तू मी व्हय?" हौसाक्कांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळत विचारलं.

मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पिशवी धरून उभी होते. म्हटलं, "हो. सिनेमात मी तुम्ही आहे."

"एवढी बारीक? जरा बरी बघून तरी आणायची हुती," त्या म्हणाल्या आणि पाट पुढे सरकवून माझ्यासमोर भाकरीची चळतच ठेवली. आपल्यासारखी दिसायला हवी तर सुरुवात आत्तापासूनच केलेली बरी, असा त्यांचा हिशेब असावा.

मी तेव्हा सांगलीच्या टेलिफोन ऑफिसात नोकरीला होते आणि उरलेल्या वेळात हौशी नाटकं करत होते. ऑफिसात मला नटी म्हणायचे आणि नाटकवाले टेलिफोनवाली म्हणायचे. इतकी वर्षं स्पर्धेची नाटकं करून दोन उत्तेजनार्थ बक्षिसं आणि बसलेला घसा एवढंच पदरात पडलं होतं. त्यामुळे विराज देवस्थळी नावाच्या मुंबईच्या तरुण दिग्दर्शकाचा फोन आला, तेव्हा रजा शिल्लक आहे की नाही हेही न बघता मी हो म्हणून टाकलं. भूमिका काय आहे हे नंतर विचारलं.

सिनेमा वाघजाईवाडीच्या शालन निकम यांच्यावर होता. या बाईंनी काही वर्षांपूर्वी गावातलं देशी दारूचं दुकान बायकांचं मतदान घडवून बंद पाडलं होतं. मतदानाच्या चिठ्ठीवर बाटलीची दोन चित्रं असतात. उभ्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान चालू राहतं, आडवीवर मारला तर बंद होतं. वाघजाईवाडीत आडवी बाटली जिंकली, पेपरांत फोटो आले, शालनबाई पुढे जिल्हा परिषदेतही गेल्या. त्यांचं काम ईशिता नावाची मुंबईची नटी करणार होती. तिचे डोळे एवढे मोठे होते की बाकीच्यांनी अभिनय केला काय आणि नाही काय, सारखंच.

मी करणार होते शालनबाईंच्या थोरल्या जावेचं काम, म्हणजे हौसाक्कांचं. आणि ते बंद पडलेलं दुकान होतं हौसाक्कांचे यजमान रंगराव यांचं. धाकटीनं थोरल्या दिराचं दुकान घालवलं, एका घरातलंच भांडण. सिनेमावाल्यांना आणखी काय हवं? स्क्रिप्टमध्ये माझी थोरली जाऊ पैशाची मिजास असलेली, नवऱ्याच्या शब्दाबाहेर नसलेली आणि धाकटीला पाण्यात पाहणारी होती. मला चार प्रसंग होते आणि वाक्य एकच. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना कुंकू लावता लावता मी म्हणायचं, "उभीलाच मत द्या हं." तेवढ्यात ईशिता दारात येणार, भाषण करणार, बायका पेटून उठणार आणि मी तोंड वाकडं करणार.

मोठी मंडळी तालुक्याच्या लॉजवर उतरली होती. माझी सोय रंगरावांच्या घरी झाली. त्यांनीच तसा आग्रह धरला होता. सिनेमात आपलं दुकान बंद पडतं याचं त्यांना काही वाटत नव्हतं, सिनेमात आपलं दुकान येतंय याचंच अप्रूप जास्त. दारूचं दुकान गेल्यावर त्यांनी खताचं काढलं होतं आणि ते चांगलं चालत होतं. रोज सकाळी कडक इस्त्रीचा सदरा घालून ते विराजच्या खुर्चीशेजारी खुर्ची टाकून बसत आणि कॅमेरा कुठं ठेवावा हे सांगत. दुकान कसं गेलं असं कुणी विचारलं की हात जोडून म्हणत, "शालनचं भाषाण! तिच्या भाषणाम्होरं कुणाचं चालतंय?" हे ऐकून विराज खूश व्हायचा, कारण त्याच्या सिनेमाचा शेवटही भाषणावरच होता.

हौसाक्का मात्र मला रोज एकच प्रश्न विचारायच्या. "मी काय करते गं त्यात?" मी रोज काहीतरी सांगून वेळ मारून नेत होते. बाईच्या हातचं जेवायचं आणि तिलाच सांगायचं की तुम्ही त्यात दुष्ट आहात, हे माझ्यानं होईना.

हळदीकुंकवाच्या शूटिंगच्या आदल्या दुपारी आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो. त्यांनी पुन्हा विचारलं, आणि या वेळी शेंग हातात तशीच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मग मी सांगून टाकलं.

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाल्या, "माझ्या सुना बघतील की गं हे. नातवंडं बघतील. आजी दारूच्या बाजूनं बसली हुती म्हणतील."

"तसं नव्हतं?" मी विचारलं.

त्यांनी बाहेरच्या सोप्याच्या बाजूला नजर टाकली. तिथं रंगराव फोनवर कुणाला तरी शूटिंगला यायचं आमंत्रण देत होते. हौसाक्कांनी आवाज खाली आणला आणि मला सगळं सांगितलं.

शालनबाईंचा नवरा म्हणजे रंगरावांचा धाकटा भाऊ, दुकानाचं पहिलं गिऱ्हाईक. भावकीच्या हक्कानं प्यायचा आणि रोज सांजेला दुकानाच्या पायरीवर आडवा व्हायचा. मग त्याचा एक हात शालनबाई धरायच्या, एक हौसाक्का, आणि दोघी मिळून त्याला घरी न्यायच्या. "त्याला वढून वढून आमचं खांदं निखळायची पाळी आली हुती," हौसाक्का म्हणाल्या. मतदान लागलं तेव्हा दुकानाच्या माणसांनी गावात मुद्दाम उठवून दिलं की उभी म्हणजे दुकान उठवा आणि आडवी म्हणजे राहू द्या. वरच्या आळीच्या बायकांना शालनबाईंच्या सभेला जायला घरातून बंदी होती. त्यांना खरं काय ते कळणार कसं? त्यातच रंगरावांनी टूम काढली. संक्रांतीचं हळदीकुंकू घरी करायचं, वाण म्हणून भारीतल्या वाट्या वाटायच्या आणि हौसाक्कांनी प्रत्येकीला सांगायचं, उभीलाच मत द्या. हळदीकुंकवाला जायला कुठला नवरा अडवणार? सगळ्या जणी आल्या.

"मग तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलं की. हरेकीला सांगितलं. मालक सोप्यात बसून ऐकत हुते." त्यांनी शेंगांच्या फोलपटांनी माखलेलं बोट वर केलं. "तोंडानं त्यांचं बोलले. बोटानं माझं."

आणि त्या बोटानं त्यांनी हवेत एक आडवी रेघ ओढली.

वाघजाईवाडीत बायका कुंकू गोल लावतात. हौसाक्कांनी त्या दिवशी प्रत्येकीच्या कपाळावर आडवं लावलं, या भुवईपासून त्या भुवईपर्यंत. मी खुळ्यासारखं विचारलं, की बायकांना ते कळलं का.

"बायकास्नी कुंकवाचं कळत न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या.

शालनबाईंना हे ठाऊक होतं. पण हौसाक्कांनी त्यांना शपथ घातली होती, कारण बाहेर फुटलं असतं तर घर मोडलं असतं. रंगरावांना मात्र अजून पत्ता नव्हता. "त्यास्नी वाटतं शालनच्या भाषणानं दुकान गेलं. वाटू दे. बायकूनंच घालवलं म्हनल्यावर गडी खचंल."

मी उठलेच. म्हटलं, आत्ता जाऊन विराजला सांगते, अख्खा सिनेमा बदलेल. हौसाक्कांनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं.

"बोलायचं न्हाई. बोलूनच करायचं असतं तर मी तवाच केलं नसतं?" त्यांनी दाणे सुपात ओढले, फोलपटं पाखडली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू नटी हायस न्हवं?"

एवढ्या वर्षांत कुठल्याही परीक्षकानं मला इतकं पेचात पकडलं नव्हतं. एक तर विराज भडकला तर माझे होते ते चार प्रसंगही कात्रीत जाणार. आणि रंगरावांच्या डोक्यात प्रकाश पडला तर या बाईचं काय होणार? पण पोरीबाळींनी आपल्याला काय म्हणून ओळखावं, एवढंच ती मागत होती, आणि ते देणं माझ्या एका बोटात होतं.

दुसऱ्या दिवशी सोप्यात शूटिंग लागलं. हळदीकुंकवाच्या बायका म्हणून गावातल्याच तीसेक जणी ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. म्हणजे ज्यांनी खरं मतदान केलं होतं, त्याच. विराजनं त्यांना सांगितलं की नॅचरल राहा, कॅमेऱ्यात बघू नका आणि काही बोलू नका. कॅमेरा माझ्या पाठीशी, त्याचं तोंड दाराकडे, कारण दारातून ईशिता येणार होती. त्याच्या मागे रंगराव बशीत चहा ओतून बसलेले. हौसाक्का स्वयंपाकघराच्या दारात पदर दातात धरून उभ्या.

पहिली आली तानूकाकू. पुढचे दात गेलेली, पण ठसक्यात कमी नाही. मी हळद लावली, करंड्यात बोट बुडवलं आणि तिच्या कपाळावर सावकाश आडवी रेघ ओढली. म्हटलं, "उभीलाच मत द्या हं."

तानूकाकूनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. गालातल्या गालात हसली आणि एकही वाक्य दिलेलं नसताना म्हणाली, "व्हय बाई, उभीलाच." मग माझ्या हातातून करंडा घेऊन तिनं मलाही कुंकू लावलं. तेही आडवंच.

ती वळली तसं मागच्या बायकांना तिचं कपाळ दिसलं, आणि रांगेत एकदम कुजबुज झाली. त्यानंतर मला काही करावंच लागलं नाही. एकेक जण कपाळ पुढे करत होती, मी रेघ ओढत होते आणि प्रत्येक जण गंभीर चेहऱ्यानं म्हणत होती, "व्हय बाई, उभीलाच." काहींचे डोळे पाणावले होते आणि ओठ मात्र हसू दाबत होते. मग ईशिता दारात आली, भाषण झालं, कट झालं आणि सगळ्या युनिटनं टाळ्या वाजवल्या. अर्थात ईशितासाठी.

घोटाळा जेवणानंतर झाला. कुणाचा पदर कुठल्या खांद्यावर होता, कुणाच्या हातात काय होतं, हे जुळवून बघणारी केतकी नावाची मुलगी होती. ती विराजला म्हणाली, "सर, सगळ्यांची कुंकवं बदललीत." विराज आला. बायका भिंतीला टेकून ओळीनं बसल्या होत्या. त्यानं ती ओळ पाहिली आणि माझ्याकडे वळला.

"हे आडवं कुणी केलं?"

"माझ्या हातून लागलं गेलं तसं," मी म्हटलं.

"तीस जणींना?"

"पहिल्या दोघींना चुकून लागलं. मग म्हटलं, बाकीच्यांवर अन्याय नको."

त्यानं कपाळाला हात लावला. मेकअपदादांना बोलावून सांगितलं की सगळं पुसा, गोल लावा, सीन पहिल्यापासून घेऊ. मेकअपदादा भला माणूस, पण मुंबईचा. दिवसभर लोकांची तोंडं पुसण्यात हयात गेलेली. ओल्या कापसाचा बोळा घेऊन तो सरळ तानूकाकूच्या कपाळाशी गेला.

"हात तर लावून बघ," तानूकाकू म्हणाली.

तो बिचारा थबकला. आपलं काय चुकलं हेच त्याला कळेना. बायकांनी भराभर पदर डोक्यावरून खाली ओढले. सवाशिणीचं कुंकू पुसायला परका माणूस बोळा घेऊन आलाय, ही बातमी सोप्यातून अंगणात आणि अंगणातून रस्त्यावर गेली. तानूकाकू सगळ्यांना सांगू लागली, "आमचं म्हातारं दारात जित्तं उभं हाय, आन् ह्यो माझं कुंकू पुसाया निघालाय." म्हातारबाबा खरंच दारात उभे होते आणि सगळ्यांत जास्त तेच घाबरलेले दिसत होते. त्यांनी काठी उचलून मेकअपदादांना लांब व्हायची खूण केली.

शेवटी विराजनं रंगरावांना विनवलं, की तुम्ही मोठे आहात, तुम्ही समजावा. आता हे पुढे येणार, कपाळं बघणार आणि सगळं उघडं पडणार. स्वयंपाकघराच्या दारात हौसाक्का भिंतीला धरून उभ्या होत्या.

रंगराव आले. त्यांनी त्या ओळीवरून एकदा नजर फिरवली, मग आढ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "साहेब, दुसरं कायबी सांगा, करून देतो. कुंकू तेवढं पुसायचं न्हाई. माझ्या घरात असलं काय झालं तर गाव मला जगू द्यायचं न्हाई."

तोवर उन्हं उतरायला लागली होती. विराजनं घड्याळ पाहिलं, बायकांकडे पाहिलं आणि हात टेकले. "राहू दे. उलट ऑथेंटिक वाटतंय," तो म्हणाला. दोन दिवसांनी मतदानाच्या रांगेचं शूटिंग होतं. त्या दिवशी सगळ्या जणी कुणी न सांगता घरूनच आडवं कुंकू लावून आल्या.

सिनेमा लागला. ईशितावर पेपरांतून रकानेच्या रकाने आले. माझ्या वाट्याला एका परीक्षणाच्या शेवटी पाऊण ओळ आली. 'इतरांनी योग्य साथ दिली.' त्या इतरांत मी होते. ऑफिसातल्या मैत्रिणी सिनेमा बघून आल्या आणि म्हणाल्या, छान आहे, पण तू नक्की कुठे होतीस? नवऱ्यानं दोनदा पाहिला, दुसऱ्या वेळी त्याला मी सापडले.

मग वाघजाईवाडीत शाळेच्या मैदानावर सिनेमा दाखवायचं ठरलं आणि मला बोलावणं आलं. ईशिताला वेळ नव्हता. मैदानात एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, पुढे खुर्च्यांवर शालनबाई आणि पाहुणे. रंगराव पुरुषांत अगदी मधोमध बसलेले. मी बायकांत, हौसाक्कांच्या शेजारी. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो गार पडला होता.

हळदीकुंकवाचा प्रसंग आला. पडद्यावर मी कोपऱ्यात होते, तीही अर्धीच. पण बायकांच्या बाजूला ईशिताकडे कुणी बघतच नव्हतं. पडद्यावरची तानूकाकू म्हणाली, "व्हय बाई, उभीलाच." त्याबरोबर मैदानातल्या सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, "व्हय बाई, उभीलाच!" आणि असा हशा उसळला की पुरुष माना वळवून बघायला लागले. हौसाक्कांच्या सुनेनं सासूकडे पाहिलं, शेजारणीनं तिच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि ती तोंडावर हात ठेवून सासूकडे बघतच राहिली. पुढे मतदानाची रांग आली. आडव्या कुंकवाची कपाळं, एकामागून एक. तेव्हा शालनबाई पुढच्या खुर्चीवरून उठल्या, बायकांतून वाट काढत आल्या आणि हौसाक्कांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. मला रडू आवरलं नाही. मी काही आवरायचा प्रयत्नही केला नाही.

डोळे पुसून मी पुरुषांकडे पाहिलं. रंगराव उठले होते. धोतर झटकून ते सिनेमा संपायच्या आतच घराकडे निघून गेले.

आम्ही घरी पोहोचलो तर ते भिंतीकडे तोंड करून झोपलेले. हौसाक्कांनी दिवा मालवला. सकाळी माझी निघायची वेळ झाली, तेव्हा ते सोप्यात पेपर उघडून बसले होते. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "सिनेमात वाट्या इस्टीलच्या दावल्यात."

मी पिशवी खाली ठेवली.

"पितळंच्या हुत्या. कासाराकडं बसून एकेक वाजवून घेतल्या हुत्या मी." ते बशीतला चहा फुंकत राहिले. "आन् काल शेवट बघितला न्हाई मी. दुकान बंद हुतंय ते परत कशाला बघायचं?"

रागावलेत की काय, काही अंदाज येईना. हौसाक्का ओटीचं सामान घेऊन आल्या. नारळ, तांदूळ आणि खण माझ्या पदरात घातला, हळद लावली. कुंकवात बोट बुडवून त्यांनी हळूच नवऱ्याकडे पाहिलं आणि माझ्या कपाळावर गोल टेकवायला लागल्या.

"गोल कशापायी?" रंगराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "आडवं लाव की. आता कुणाची चोरी हाय?"

हौसाक्कांचं बोट तिथंच थांबलं. "तुमास्नी कवा कळलं?"

"त्याच संक्रांतीला, सांजच्याला. जेवाया वाढाया वाकलीस की माझ्याम्होरं. तानूनं तुलाबी आडवंच लावलं हुतं न्हवं?"

"मग मतदानाच्या आदी का बोलला न्हाईसा? आन् इतकी वर्सं शालनचं भाषाण, शालनचं भाषाण करीत बसला ते?"

रंगरावांनी पेपराचं पान उलटलं. "तू बोलली न्हाईस. मग मी कशाला बोलू?"

मला ते आढ्याकडे लागलेले डोळे आठवले. मी पंधरा वर्षं स्पर्धेत काम केलं, मोठमोठे नट विंगेतून पाहिले, आणि हा माणूस माझ्या शेजारी बसून चहा पीत होता तरी मला पत्ता लागला नाही. हौसाक्का आधी रागानं, मग हसू दाबत त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग माझी हनुवटी धरून त्यांनी माझ्या कपाळावर या भुवईपासून त्या भुवईपर्यंत सावकाश रेघ ओढली.

एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, तुमच्याकडे कुंकू असंच लावतात का. मी हो म्हटलं.